आरएफच्या पुढच्या झूम लेन्स: अंदाजांमागचा इतिहास

कॅननच्या आरएफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स जोडायची जागा) पुढची झूम कुठली येणार ही चर्चा निघाली की गाडी फिरून फिरून 70-200 एमएमच्या लेन्सवरच येते, आणि ते उगाच नाही. स्टिल कॅमेऱ्यांच्या झूम 1959 पासूनच्या, कॅननचा आधीचा ईएफ माउंट 1987 चा, त्यातली 70-200 एफ/2.8 (एफ/ पुढचा आकडा लहान, तितका प्रकाश जास्त) आली 1995 मध्ये, मग 2001 ला आयएस (हाताची थरथर सावरणारी), 2010 आणि 2018 ला नवी व्हर्जन्स. या सगळ्या 70-200 मध्ये एक गोष्ट बदलली नाही, रिंग कितीही फिरवा, लेन्सची लांबी तेवढीच.

2018 ला आरएफ आला, फ्लँज डिस्टन्स (माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर) 44 वरून 20 एमएमवर आलं आणि 2019 च्या 70-200 मध्ये कंपनीने सरळ झूम करताना बाहेर येणारी बॅरल (लेन्सची नळी) दिली. आधीची लेन्स 199 एमएमची, ही बंद असताना 146 ची, वजन साधारण 1480 ग्रॅमवरून कॉलर (ट्रायपॉडला लावायची कडी) सोडून 1070. लग्नाचे फोटो काढणारे, प्रवास करणारे खूश, बॅगेत उभी मावते म्हणून. पण मागच्या काचा माउंटच्या इतक्या जवळ की एक्स्टेंडर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावून पल्ला वाढवणारा जोड) बसतच नाही, कारण त्याची पुढची काच लेन्सच्या आत घुसते. खेळांचे फोटो काढणारे भडकले ते इथे, आणि माझ्या मते बरोबरच होतं त्यांचं. 2020 च्या 100-500 मध्ये एक्स्टेंडर बसतो खरा, पण आधी झूम 300 वर न्यायची मगच लावायचा, आणि तो असेपर्यंत 300 च्या मागे येता येत नाही, म्हणजे बॅगेत ठेवतानाही लेन्स अर्धी बाहेरच. याला सोय म्हणणारेही भेटतात म्हणा!

मग व्हिडिओवाल्यांमुळे वारं फिरलं. लांबी बदलली की गिंबलचा (कॅमेरा हलू न देणाऱ्या स्टँडचा) बॅलन्स जातो, म्हणून 2023 च्या 24-105 एफ/2.8 झेडमध्ये (झेड हे या मालिकेच्या नावातलं अक्षर) झूम पुन्हा आतल्या आत. 2024 ला 70-200 एफ/2.8 झेडही तशीच, वर एक्स्टेंडरही चालतात. दोन्ही 199 एमएम लांब, दोन्हीचा फिल्टर 82 एमएमचा, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी लावली तरी रिगमध्ये (कॅमेऱ्याभोवतीच्या जोडणीत) फार काही हलवावं लागत नाही. लांबणारी जुनी 70-200 मात्र तशीच विक्रीत राहिली, म्हणजे 2019 चा निर्णय चुकला असं कंपनीने काही मान्य केलं नाही, फक्त शेजारी दुसरी आणून ठेवली.

आत्ताचे बरेच अंदाज यावरच उभे आहेत. झेडमध्ये तिसरी, वाइड (जास्त रुंद दृश्य घेणारी) एफ/2.8 येईल असं म्हणणारे 199 आणि 82 हेच आकडे दाखवतात. 28-70 एफ/2 (1430 ग्रॅम) सुरुवातीलाच आली म्हणून तिच्या पुढची एफ/2 टेली (लांबचं जवळ आणणारी) मागणारेही बरेच, पण वजन बघता मला ती जरा लांबची गोष्ट वाटते. 2013 च्या ईएफ 200-400 एफ/4 मध्ये 1.4एक्स एक्स्टेंडर आतच होता, खटका दाबला की 560 एमएम. 2024 संपेपर्यंत आरएफमध्ये तिची जागा भरलेली नव्हती आणि 2023 ची 100-300 एफ/2.8 ती भरून काढत नाही, त्यामुळे पैज लावायचीच तर मी इथे लावीन.