जहाजांच्या यादीत नसलेली माणसं: अमेरिकेतल्या पहिल्या पूर्वजाचा शोध जमिनीच्या कागदांतून का घ्यावा लागतो

अमेरिकेच्या बंदरात शिरणाऱ्या जहाजाच्या कप्तानाने उतारूंची यादी सरकारला द्यावी, असा कायदा झाला १८१९ साली. याद्या प्रत्यक्ष जमा होऊ लागल्या १८२० पासून. तोवर जेम्सटाउनची, म्हणजे इंग्रजांची अमेरिकेतली पहिली टिकाऊ वसाहत उभी राहून दोनशेहून अधिक वर्षं लोटली होती. पेनसिल्व्हेनियात १७२७ पासून जर्मन उतारूंकडून राजनिष्ठेची शपथ घेत, म्हणून त्यांची नावं टिकली. पण तो अपवाद. बाकीचे हजारो लोक उतरले, रानात शिरले आणि त्यांच्या येण्याची दखल कोणी घेतली नाही.

आपल्याकडे कुळाचा माग काढायचा तर माणूस त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्या उघडतो. तिथे आजा-पणजा स्वतः जाऊन, स्वतःच्या तोंडाने नावं सांगून आलेला असतो. वसाहतकालीन अमेरिकेत अशी आपखुशीने दिलेली वंशावळ मिळत नाही. तिथला माणूस कागदावर येतो तो जमीन घेताना, विकताना, देणं थकल्यावर, नाहीतर मेल्यावर. आणि पहिल्यांदा येतो तो बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी कागदात.

याचं मूळ १६१८ सालात आहे. जेम्सटाउन वसवणाऱ्या लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीकडे जमीन अमाप होती, मजूर नव्हते आणि तिजोरीत खडखडाट होता. तेव्हा तिने ठरवलं की, जो कोणी स्वतःच्या खर्चाने माणूस आणील त्याला माणशी ५० एकर द्यायचे. ही ‘हेडराइट’ पद्धत. १६२४ मध्ये कंपनी मोडली, वसाहत राजाच्या ताब्यात गेली, पण पद्धत चालूच राहिली. जमीन मागणाऱ्याने आणलेल्या माणसांची नावं द्यायची आणि ती सनदेत उतरवली जायची. त्यामुळे लंडनहून प्रवासखर्चाच्या बदल्यात काही वर्षांच्या चाकरीच्या कराराने आलेल्या पोराचं नाव एखाद्या बड्या तंबाखूवाल्याच्या सनदेच्या शेवटी सापडतं. १६३५ साली जॉर्ज मेनिफी या व्यापाऱ्याच्या अशाच यादीत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ अशी नोंद आहे. म्हणजे आपल्या बाजूचा एक माणूस चारशे वर्षांपूर्वी जेम्स नदीच्या काठी ५० एकरांच्या हिशेबात मोजला गेला होता. गाव नाही, बापाचं नाव नाही. सनदेला त्याची गरजच नव्हती.

हौशी शोधकाचा पहिला घोटाळा होतो तो इथेच. सनदेचं साल म्हणजे येण्याचं साल नव्हे. हेडराइट हा विकता येणारा हक्क होता. तो या हातातून त्या हातात जायचा, वर्षानुवर्षं पडून राहायचा आणि मग कधीतरी वटवला जायचा. एकाच माणसाबद्दल जहाजाचा कप्तानही ५० एकर मागे आणि त्याला ठेवून घेणारा मळेवालाही. वरचेवर इंग्लंडला ये-जा करणारा व्यापारी दर फेरीला नव्याने ‘आलेला’ ठरे. सनदेत नाव दिसलं तर त्यातून एवढंच म्हणता येतं की, त्या तारखेपर्यंत हा माणूस बहुधा इथे पोचला होता. शिवाय इंग्रजी अमलात १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. जानेवारी-फेब्रुवारीतल्या नोंदीला दोन सालं लावावी लागतात. ती लावली नाहीत की बाप मेल्यावर वर्षभराने मृत्युपत्र करताना दिसतो.

हे कागद कुठवर नेतात आणि कुठे सोडून देतात हे पाहायचं तर अँथनी जॉन्सनचं उदाहरण घ्यावं. १६२४-२५ मध्ये व्हर्जिनियात जी माणसांची मोजदाद झाली, तीत जेम्स नदीकाठच्या बेनेट यांच्या मळ्यावर ‘अँटोनियो, अ नीग्रो’ अशी नोंद आहे. तो १६२१ मध्ये ‘जेम्स’ जहाजाने आला, हेही त्याच मोजदादीत आहे. १६२२ च्या मार्चमध्ये तिथल्या मूळ रहिवासी पॉव्हटन लोकांनी केलेल्या हल्ल्यात या मळ्यावरचे ५० हून अधिक लोक मारले गेले. वाचलेल्या मूठभरांत हा होता. त्याच वर्षी मेरी नावाची आफ्रिकन स्त्री तिथे आली. पुढे दोघांचं लग्न झालं, मुलं झाली, चाकरी संपून ते मोकळे झाले. यातलं बरंचसं मागाहून जुळवलेलं आहे, कारण कितीतरी वर्षं कागद गप्प आहेत.

मग १६५१ उजाडतं आणि अँथनी जॉन्सन स्वतः सनद घेतो: नॉर्थम्प्टन काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग), खाडीकाठी २५० एकर, पाच हेडराइटांच्या बदल्यात. त्या पाच नावांत एक त्याचा स्वतःचा मुलगा रिचर्ड. तीस वर्षांपूर्वी ज्याची गणती चाकरांत होत होती तो आता इतरांच्या नावावर जमीन मागतोय. १६५३ मध्ये घराला आग लागून मोठं नुकसान झालं, तेव्हा काउंटी कोर्टाने त्याच्या बायकोला आणि दोन मुलींना आयुष्यभराची करमाफी दिली. कोर्टाच्या वहीतली ही नोंद वंशावळ शोधणाऱ्याला सनदेहून मोलाची, कारण तिथे बायको आणि मुली एकत्र भेटतात. १६५५ मध्ये जॉन्सनकडे राबणाऱ्या जॉन कॅसर नावाच्या आफ्रिकन माणसाने, आपली चाकरीची मुदत कधीच संपली असं म्हणत, शेजारच्या रॉबर्ट पार्करचा आसरा घेतला. जॉन्सन कोर्टात गेला आणि जिंकला; कॅसर त्याला परत मिळाला, आयुष्यभरासाठी. कोर्टाच्या निकालाने जन्माची गुलामी लादल्याची व्हर्जिनियातल्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत ही गोष्ट मोडते, आणि फिर्यादी स्वतः चाकरीतून वर आलेला. हे वाचून कोणाची बाजू घ्यावी कळत नाही. कोर्टाच्या कारकुनाला मात्र तो प्रश्न पडला नव्हता. त्याच्यासाठी तो मालमत्तेचा दावा होता, म्हणून तर तो लिहिला गेला.

१६६० च्या दशकाच्या मध्याला हे कुटुंब मेरीलँडच्या सॉमरसेट काउंटीत गेलं. तिथे अँथनीने ३०० एकर भाडेपट्ट्याने घेतले. त्या तुकड्याचं नाव ‘टोनीज व्हिनयार्ड’. मेरीलँडात जमिनीच्या तुकड्यांना अशी नावं देण्याची रीत होती. मालक बदलला तरी नाव बहुधा टिके, त्यामुळे नावाचा धागा धरून जमिनीचे पुढचे धनी शोधता येतात. १६७० मध्ये तो वारला. त्यानंतर व्हर्जिनियातल्या ज्युरीपुढे त्याच्या मागे राहिलेल्या जमिनीचा प्रश्न आला. मुलगा रिचर्डला दिलेले ५० एकर त्यात होते. ज्युरीने ठरवलं की जॉन्सन निग्रो होता, म्हणजेच परका होता, सबब जमीन सरकारजमा. सनद देताना जे आड आलं नव्हतं ते वारसा देताना आड आलं. मेरीने १६७२ मध्ये नातवांना प्रत्येकी एक गाय देऊन ठेवली. त्यांतला एक नातू, जॉन, याने १६७७ मध्ये ४४ एकर विकत घेतले आणि त्यांना नाव दिलं ‘अंगोला’.

आजा कुठून आला, याचं उत्तर कोणत्याही जहाजाच्या कागदात नाही. ते नातवाने विकत घेतलेल्या जमिनीच्या नावात आहे, तेही सूचक, पक्कं नव्हे. पुढे अठराव्या शतकात हे घराणं कागदावरून नाहीसं होतं.

आणि एवढी तरी कहाणी हाती लागली ती योगायोगाने. अ‍ॅकोमॅक-नॉर्थम्प्टनच्या कोर्टाच्या वह्या १६३२ पासून सलग टिकल्या आहेत, अमेरिकेत सर्वांत जुन्या. जॉन्सन जेम्स नदीच्या काठीच राहिला असता तर? जेम्सटाउन ज्या काउंटीत आहे त्या जेम्स सिटीसकट अनेक काउंट्यांनी यादवी युद्धात आपले दप्तर सुरक्षित राहावं म्हणून राजधानी रिचमंडला हलवलं. एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड पडलं, आग लागली, आणि जपायला नेलेलं तेच जळालं. जमिनीच्या सनदांचे मध्यवर्ती खंड मात्र वाचले. म्हणून व्हर्जिनियाच्या ‘जळालेल्या काउंट्यां’त आजही अशी स्थिती आहे की माणसाला जमीन मिळाली हे दिसतं, पण ती त्याने कोणाला दिली, मुलं किती, बायको कोण, हे सांगणारी खरेदीखतं आणि मृत्युपत्रं नाहीत.

जिथे ती आहेत तिथेही ती नुसती वाचून भागत नाही. कायदा माहीत असावा लागतो. व्हर्जिनियात माणूस मृत्युपत्र न करता वारला तर सगळी जमीन थोरल्या मुलाला जाई. हा नियम १७८५ च्या कायद्याने मोडला. न्यू इंग्लंडातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये थोरल्याला दुप्पट हिस्सा आणि बाकीच्यांना सारखे. हे ठाऊक नसलं की व्हर्जिनियातल्या मृत्युपत्रात थोरल्याचं नाव नाही, म्हणून त्याला बेदखल केलं असं लोक लिहून मोकळे होतात. त्याला पुष्कळदा आधीच दिलेलं असे, किंवा जमीन कायद्यानेच त्याच्याकडे जाणार असे. पुढे वीस-तीस वर्षांनी तो ती विकतो, तेव्हा ‘माझ्या बापाला अमक्या सनदेने मिळालेली’ असं खरेदीखतात येतं आणि तीन पिढ्या एका वाक्यात हाती येतात.

बायकांचं आणखी अवघड. लग्न झालेल्या इंग्रज स्त्रीला स्वतःहून मृत्युपत्र करता येत नसे. पण नवऱ्याच्या जमिनीत तिचा हयातीपुरता तिसरा हिस्सा असे आणि जमीन विकताना तो हक्क तिने सोडावा लागे. काही वसाहतींत कोर्ट तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारी. म्हणून खरेदीखताच्या शेवटी तिचं नाव येतं, माहेरचं आडनाव बहुधा येत नाही. ते इस्टेटीच्या कारभाराला जामीन कोण राहिलं, मालमत्तेची यादी करायला कोण पंच आले, साक्षी कोणाच्या, यांवरून ताडावं लागतं. विधवेला जामीन राहणारा बहुधा तिचा भाऊ किंवा बाप. चतुःसीमांचंही तसंच. ‘पांढऱ्या ओकपासून ओढ्यापर्यंत, तिथून अमक्याच्या हद्दीला धरून’ अशा वर्णनांचे नकाशे काढून तुकड्याला तुकडा जुळवला की शेजार उभा राहतो. सतराव्या शतकातला माणूस लग्न शेजारातच करी.

समुद्रापलीकडची बाजू इंग्लंडच्या मृत्युपत्रांतून कशी उकलते, याचा गाजलेला दाखला जॉन हार्वर्डचा. १६३७ मध्ये तो मॅसॅच्युसेट्सला आला आणि १६३८ च्या सप्टेंबरात चार्ल्सटाउनला वारला. नव्या कॉलेजला अर्धी इस्टेट आणि सुमारे ४०० पुस्तकं दिली, तीही तोंडी. लेखी मृत्युपत्र नाही. कॉलेजला त्याचं नाव लाभलं, पण तो कुठला, कोणाचा, हे अडीचशे वर्षं कोणाला सांगता येईना. १८८३ मध्ये बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जेनिऑलॉजिकल सोसायटीने हेन्री वॉटर्स यांना लंडनला पाठवलं. त्यांनी कँटरबरीच्या धर्मपीठाच्या कोर्टात नोंदवलेली मृत्युपत्रं चाळली आणि १८८५ मध्ये उत्तर छापलं: बाप रॉबर्ट, लंडनलगतच्या सदर्कचा खाटीक, १६२५ च्या प्लेगात गेला, आई कॅथरीन दोनदा पुन्हा लग्न करून १६३५ मध्ये वारली आणि मृत्युपत्रात जॉनसाठी सदर्कची एक खानावळ-सराई ठेवून गेली. आईचं आडनाव तोवर दोनदा बदललं होतं. म्हणूनच ‘हार्वर्ड’ हे नाव शोधणाऱ्यांना ती सापडत नव्हती.

या सगळ्याला शास्त्राचं रूप येण्याआधी हाव होती, हेही सांगायला हवं. अ‍ॅनेके यान्स ही नॉर्वेत जन्मलेली, अ‍ॅमस्टरडॅमला लग्न झालेली बाई १६३० मध्ये नवऱ्यासोबत डच वसाहतीत आली. मॅनहॅटनवर त्यांना ६२ एकरांचं शेत मिळालं. ती १६६३ मध्ये वारली. डच कायद्यात स्त्रीला मृत्युपत्र करण्याची मुभा असल्याने तिचं मृत्युपत्र आहे, मुलं-नातवंडं नावानिशी. इंग्रजी अमलात वारसांनी ते शेत गव्हर्नर लव्हलेसला विकलं, पण एका मुलाच्या बाजूची सही राहिली. १७०५ मध्ये राणी अ‍ॅनने ती जमीन ट्रिनिटी चर्चला दिली. आणि त्या न झालेल्या सहीवर पुढच्या पिढ्यांनी विसाव्या शतकापर्यंत दावे लावले. ‘वारस संघ’ निघाले, वर्गण्या गोळा झाल्या, अ‍ॅनेके ही विल्यम ऑफ ऑरेंजची नात असल्याची आवई उठली. मिळालं काहीच नाही. पण आपण तिचे वंशज आहोत हे सिद्ध करण्यासाठी लोकांनी जी बाडंच्या बाडं नकलून घेतली, त्यांनी न्यूयॉर्कच्या डच घराण्यांच्या वंशावळींचा पाया घातला.

याच बाजारात गुस्ताव आंजूसारखे लोक शिरले. स्वीडनहून आलेला हा गृहस्थ श्रीमंत अमेरिकनांना मागणीनुसार वंशावळी करून देई. कारागिरी अशी की बरीच मृत्युपत्रं खरी, मधली एक-दोन बनावट, आणि ती नेमकी समुद्र ओलांडणाऱ्या पिढीची. त्याच्या वंशावळी अजून उतरवल्या जातात. १९२० नंतर डोनाल्ड लाइन्स जेकबस यांच्यासारख्या वंशावळीच्या अभ्यासकांनी प्रत्येक नात्याला मूळ कागदाचा पुरावा मागायला सुरुवात केली, त्यामागे हा कचरा होता.

१९३८ पासून युटाच्या जेनिऑलॉजिकल सोसायटीने काउंटी कोर्टांच्या वह्यांची मायक्रोफिल्म काढायला घेतली आणि शोधकाची पायपीट थांबली. तरी अडचण उरलीच, कारण वह्यांची सूची फक्त देणाऱ्या-घेणाऱ्याच्या नावाची. साक्षीदार, शेजारी, पंच सूचीत नसत, आणि गरीब पूर्वज नेमका तिथेच असे. २०२४ मध्ये याच सोसायटीचा पुढचा अवतार असलेल्या फॅमिलीसर्च या संकेतस्थळाने यंत्राकडून हस्ताक्षर वाचून घेऊन अख्ख्या मजकुरात शोधण्याची सोय सुरू केली, आणि सुरुवातीलाच त्यात अमेरिकेतली जमिनीची आणि वारसाची दप्तरं घातली. आता ज्याने आयुष्यात गुंठाभर जमीन घेतली नाही, तोही शेजाऱ्याच्या खरेदीखताच्या तळाशी अंगठ्याऐवजी खूण करताना सापडू शकतो. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं वळण मात्र यंत्राला अजून नीट लागत नाही, तेव्हा त्या वह्यांसाठी पान पान उलटणं आलंच.