कात्री कुठं लावायची हे कोण ठरवतं?

गणपतीत आमच्या शहापुरात मंडळाचं रक्तदान शिबिर होतं. तिथं थॅलॅसेमियाच्या, म्हणजे सारखं रक्त चढवावं लागणाऱ्या जन्मजात आजाराच्या, एका पोराबद्दल एक मावशी हळूच म्हणाल्या, "करणी केलीय त्याला, म्हणून रक्त टिकत नाही बघा." मी म्हटलं, मावशी, करणीबिरणी काही नाही, कटिंग चुकलंय.

डीएनएवरून आरएनए आणि त्यावरून प्रोटीन, एवढं शाळेत झालंय. पण आपल्या पेशीत निघणारी आरएनएची पहिली प्रत कच्ची असते, कामाच्या मजकुरात मधे मधे इंट्रॉन नावाचे तुकडे घुसलेले असतात. हे १९७७ ला फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांना कळलं, १९९३ ला नोबेल मिळालं.

ते तुकडे काढतो स्प्लायसोसोम. शंभरावर प्रोटीनं आणि यू१, यू२, यू४, यू५, यू६ हे पाच छोटे आरएनए, आणि गंमत म्हणजे हे यंत्र आयतं नसतं, ऊसतोडीची टोळी फडावर येऊन जमते तसं प्रत्येक इंट्रॉनवर नव्यानं जुळतं. आरएनएचा मजकूर ए, यू, जी, सी या चार अक्षरांत असतो; यू१ इंट्रॉनच्या सुरुवातीला अक्षराला अक्षर लावून बसतो. यू२ शेवटाकडं बसतो पण तिथला एक 'ए' मुद्दाम मोकळा सोडतो, तो बाहेर फुगून राहतो. मग यू४, यू५, यू६ एकत्र येतात, यू१ ची जागा यू६ घेतो, यू४ निघून जातो, आणि तो फुगलेला ए इंट्रॉनची सुरुवात तोडून स्वतःलाच चिकटवून घेतो, म्हशीच्या दाव्याला फास मारल्यासारखं! नंतर कामाची दोन टोकं जोडली जातात, फास गळून पडतो. यात खरी कात्री चालवतो तो आरएनएच, मॅग्नेशियमच्या दोन आयनांना हाताशी धरून. प्रोटीनं सगळं नीट धरून ठेवतात. मला हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

आता ते पोर. हिमोग्लोबिनचा एक भाग म्हणजे बीटा ग्लोबिन, त्याच्या जनुकात दोन इंट्रॉन, पहिला १३० अक्षरांचा. भारतात थॅलॅसेमियाचा सगळ्यात जास्त सापडणारा बदल त्याच्या पाचव्या अक्षरावर आहे, जी च्या जागी सी. एवढ्यानं यू१ ची पकड ढिली होते, कात्री भलतीकडं लागते, बहुतेक प्रती वाया जातात आणि हिमोग्लोबिन पुरत नाही.

आईबाप दोघं मायनर, म्हणजे बिघडलेलं एकच जनुक बाळगणारे, असतील तर प्रत्येक बाळाला या आजाराचा २५ टक्के धोका असतो, आणि मायनर कोण ते एचबीए२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराच्या साध्या रक्ततपासणीत कळतं. मावशींच्या पुतणीचं लग्न ठरलंय, म्हणून विचारलं, टेस्ट केली काय?

"कोल्हापुरास्नं पत्रिका बघून आणलीय की!"