तीन चौरस किलोमीटरला एक माणूस

नेब्रास्का हे राज्य अमेरिकेच्या नकाशात जवळपास मधोमध येतं. त्याच्या उत्तर कडेला, साउथ डकोटा राज्याच्या हद्दीला लागून चेरी काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. क्षेत्रफळ सुमारे १५,५६० चौरस किलोमीटर, म्हणजे कनेक्टिकट या अख्ख्या राज्याहून जास्त. २०२०च्या जनगणनेत कनेक्टिकटची लोकसंख्या ३६ लाख भरली आणि चेरी काउंटीची ५,४५५. हिशेब केला तर इथे जवळपास तीन चौरस किलोमीटरला एक माणूस येतो. काउंटीचा पसारा एवढा की पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या घड्याळांत एक तासाचा फरक असतो.

एवढी विरळ वस्ती म्हटलं की पाण्याचा दुष्काळ आणि ओसाड जमीन डोळ्यांसमोर येते. इथे तसं काही नाही. पाणी भरपूर आहे, गवत उत्तम आहे. माणसं कमी आहेत कारण पायाखाली वाळू आहे आणि ती गवताने धरून ठेवली आहे.

या प्रदेशाला ‘सँडहिल्स’ म्हणतात. सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या वालुकाटेकड्यांचा मोठा हिस्सा चेरी काउंटीत येतो. पश्चिम गोलार्धात वालुकाटेकड्यांचा एवढा मोठा पट्टा दुसरा नाही. काही टेकड्या शंभर मीटरहून उंच आहेत. वरून सगळं हिरवं किंवा पिवळसर दिसतं, पण टाच जोरात रुतवली की गवताच्या पातळ थराखाली मोकळी वाळूच लागते.

ही वाळू शेवटची कधी हलली, हे शोधण्याची रीत मला फार आवडते. जमिनीत गाडलेल्या क्वार्ट्झच्या कणावर आजूबाजूच्या खनिजांतल्या किरणोत्सर्गाचा हलका मारा सतत चालू असतो. त्यामुळे स्फटिकातल्या दोषांमध्ये इलेक्ट्रॉन अडकत जातात. कणाला ऊन लागलं की हा साठा रिकामा होतो, पुन्हा गाडला गेला की नव्याने भरू लागतो. म्हणून संशोधक टेकडीच्या कापलेल्या भिंतीत नळी ठोकतात, उजेड लागू न देता वाळू बाहेर काढतात आणि प्रयोगशाळेत त्या कणांवर प्रकाश सोडतात. कण मंद चमकतात. त्या चमकेवरून त्यांनी शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं. सँडहिल्समधल्या पुष्कळ कणांचं उत्तर आलं: साधारण ७०० ते १,००० वर्षांपूर्वी. तेव्हा दीर्घकाळ अवर्षण पडलं, गवत गेलं आणि टेकड्या वाऱ्यावर सरकू लागल्या. भूगर्भाच्या मोजमापात ही कालपरवाची गोष्ट.

वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पडणारा पाऊस वाळूत सरळ झिरपतो, वाहून फारसा जात नाही. खाली ओगालाला हा प्रचंड भूजलसाठा आहे. सँडहिल्सच्या खाली काही ठिकाणी पाण्याने भरलेल्या थरांची जाडी ३०० मीटरच्या आसपास जाते. टेकड्यांमधल्या खोलगट भागात भूजलाची पातळी जमिनीच्या वर येते, तिथे तळी आणि ओली कुरणं तयार होतात. नद्यांनाही झऱ्यांचं पाणी मिळत असल्यामुळे त्या उन्हाळ्यात आटत नाहीत. नायोब्रारा नदीच्या खोऱ्यात तर उत्तरेकडे तोंड असलेल्या थंड, झिरपत्या उतारांवर हिमयुगापासून तग धरून राहिलेली भूर्जाची झाडं आहेत.

अशा जमिनीवर सरकारने माणसं वसवून पाहिली. १८६२च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबाला १६० एकर मिळत. इथे तेवढ्यावर भागत नाही, हे लक्षात आल्यावर १९०४च्या किनकेड कायद्याने पश्चिम नेब्रास्कात ६४० एकर देऊ केले. लोक आले. १९२०मध्ये काउंटीची लोकसंख्या ११,७५३ होती, आजच्या दुपटीहून जास्त. पण एका गायीला वर्षभर चरायला साधारण पंधरा-वीस एकर लागतात. म्हणजे ६४० एकरांत तीस-चाळीस गायी. त्यावर घर कसं चालणार? ज्यांनी नांगर घातला त्यांची वाळू उडाली. एकेक जण शेजाऱ्याला जमीन विकून निघून गेला, गुरं पाळायचे रँच मोठे होत गेले. आज इथे मांसासाठी पाळलेल्या गायी दीड लाखाहून अधिक आहेत.

राहिलेली माणसं कुठे आहेत, तेही पाहण्यासारखं आहे. जवळपास निम्मी व्हॅलेंटाइन या एकाच गावात राहतात. वुड लेक, क्रुकस्टन, किलगोर, नेन्झेल, कोडी, मेरिमन ही बाकीची सगळी गावं काउंटीच्या उत्तर भागात एका रेषेत आहेत, कारण १८८०च्या दशकात रेल्वे तिथून गेली. त्या रेषेच्या दक्षिणेला मैलोन्‌मैल फक्त कुरणं, तारेची कुंपणं आणि पाण्याच्या टाक्यांशेजारच्या पवनचक्क्या.

अशी टाकी म्हणजे धोक्याची जागा. पाण्यासाठी गोळा होणाऱ्या गायींच्या खुरांनी गवत उखडतं, उघड्या वाळूत वारा शिरतो आणि खड्डा वाढत जातो. याला इथे ‘ब्लोआउट’ म्हणतात. रँचवाले तिथे कुंपण घालतात, जुनं गवत पसरतात, खड्डा भरून येण्याची वाट पाहतात. गंमत म्हणजे ‘ब्लोआउट पेनस्टेमन’ ही फिकट जांभळ्या, सुगंधी फुलांची वनस्पती या उघड्या वाळूतच वाढते. कुरणं सुधारली तशी ती दिसेनाशी झाली. १९४०च्या सुमारास नामशेष झाली असं मानलं गेलं, १९६८मध्ये पुन्हा सापडली, आणि १९८७पासून तिला कायद्याने संरक्षण आहे.

सध्याची मोठी काळजी आहे ईस्टर्न रेडसीडर या झाडाची. पूर्वी वणवे त्याची रोपं जाळून टाकत. वणवे विझवले जाऊ लागल्यापासून ते कुरणांत घुसतंय, गवत हटवतंय, भूजलात पोचणारं पाणी पितंय. त्यावर नेमका उपाय म्हणजे योग्य वाऱ्याचा दिवस पाहून कुरण ठरवून जाळणं. पण त्यासाठी आगीच्या चारही बाजूंना पाण्याचे पंप घेऊन माणसं उभी करावी लागतात, आणि या काउंटीत शेजारचं घर कित्येक किलोमीटरवर असतं.