शब्द कळत नाहीत, तरी स्पॅनिश गाणं कानात का बसतं?

‘शब्दच कळत नसतील, तर त्या गाण्यात आवडण्यासारखं काय?’ स्पॅनिश पॉप किंवा रॉक ऐकणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच. त्यावर बहुतेक जण ठरलेलं उत्तर देतात, ‘संगीताला भाषा नसते.’ मला हा प्रश्न पटत नाही आणि हे उत्तरही पटत नाही. भाषा म्हणजे फक्त अर्थ, असं दोघांनीही गृहीत धरलेलं आहे. अर्थ वजा केला, तरी भाषेचा फार मोठा भाग कानावर पडतच राहतो. तिची अक्षरं, त्यांची लांबी, आघात (म्हणजे एखाद्या अक्षरावर येणारा जोर), स्वरांची मोकळीक हे सगळं ऐकणाऱ्यापर्यंत पोचतं. स्पॅनिशच्या बाबतीत तर नेमका हाच भाग विलक्षण गेय आहे.

कळत नसताना ऐकणारे थोडेथोडके नाहीत. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९९६ साली ‘माकारेना’ १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, २०१७ साली ‘देस्पासितो’ १६ आठवडे. पोर्तो रिकोचा बॅड बनी जवळजवळ फक्त स्पॅनिशमध्ये गातो, आणि २०२०, २०२१ व २०२२ अशी सलग तीन वर्षं स्पॉटिफायवर जगात सर्वाधिक ऐकला गेलेला कलाकार तोच होता. आपल्यालाही हे नवं नाही. तराण्यातल्या ‘दिर दिर तानोम’ला शब्दार्थ नाही म्हणून मैफलीतून कोणी उठून जात नाही.

मेंदूत काय होतं, ते आधी थोडक्यात पाहू. फ्रान्समधल्या मिरेय बेसाँ आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. संगीतात तयार असलेल्या श्रोत्यांना ऑपेरातल्या ओळी ऐकवल्या. काही ओळींचा शेवटचा शब्द अर्थाला विसंगत होता, काहींचा शेवटचा सूर चुकलेला होता, काहींत दोन्ही बिघडलेलं होतं. शब्द चुकला की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरींत एक ऋण शिखर दिसायचं. सूर चुकला की वेगळंच, धन शिखर यायचं. दोन्ही चुकले तर दोन्ही शिखरं यायची, आणि एकामुळे दुसरं कमीजास्त व्हायचं नाही. पुढच्या काही प्रयोगांत शब्द आणि सूर यांची थोडी सरमिसळ आढळली, त्यामुळे भिंत पक्की नाही. पण शब्दांचा अर्थ लागला नाही म्हणून सुरांचा हिशोब थांबत नाही, एवढं यातून नक्की कळतं.

मात्र हे उत्तर अर्धंच आहे. तेवढंच असतं, तर जर्मन, रशियन आणि स्पॅनिश गाणी न कळणाऱ्याला सारखीच वाटली असती. तशी ती वाटत नाहीत.

न कळणाऱ्या भाषांमधला फरक कानाला कळतो, आणि तोही जन्मल्यापासून. थिएरी नाझी, जोसियान बेर्तोन्सिनी आणि जाक मेलर यांनी १९९८ साली नवजात फ्रेंच बाळांना वेगवेगळ्या भाषांतली वाक्यं ऐकवली. त्या ध्वनिमुद्रणांतून ४०० हर्ट्झच्या वरची वारंवारता गाळून टाकलेली होती. शेजारच्या खोलीतलं बोलणं भिंतीतून यावं तसं ते ऐकू येतं. एकही शब्द उलगडत नाही, चाल तेवढी कळते. बाळांना इंग्रजी आणि जपानी वेगळी कळली. इंग्रजी आणि डच मात्र वेगळी कळली नाहीत. इंग्रजी-डचचा एक गट आणि स्पॅनिश-इटालियनचा दुसरा गट केला, तेव्हा बाळांना हे दोन गट वेगळे ओळखता आले. म्हणजे शब्दांच्या खाली भाषेची एक लय असते, आणि त्या लयीवरून भाषांची कुळं पडतात.

ही लय कशाने घडते, हा माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. तिथे जरा थांबू.

भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी १९४५ साली भाषांचे दोन प्रकार मांडले. इंग्रजीसारख्या भाषांत आघात सारख्या अंतराने पडतात, स्पॅनिशसारख्या भाषांत अक्षरं सारख्या अंतराने पडतात. (इथे अक्षर म्हणजे एका स्वराभोवतीचा उच्चार, आपण छंद मोजताना धरतो तेच.) कल्पना सुंदर होती. लोकांनी प्रत्यक्ष वेळा मोजल्या तेव्हा मात्र ती तशीच्या तशी टिकली नाही. इंग्रजीतले आघात घड्याळासारखे पडत नाहीत आणि स्पॅनिश अक्षरंही तंतोतंत समान नसतात. रेबेका डॉअर यांनी १९८३ साली दाखवलं की खरा फरक अक्षरांच्या बांधणीत आहे. इंग्रजी आघात नसलेल्या अक्षराचा स्वर पार चिरडून टाकते, एकापुढे एक तीन-तीन व्यंजनं रचते. स्पॅनिश यातलं फारसं काही करत नाही. ‘बनाना’ हा शब्द घ्या. इंग्रजी माणूस मधला ‘ना’ ताणतो आणि कडेच्या दोन स्वरांचा नुसता ‘अ’ उरतो. स्पॅनिशमध्ये तिन्ही ‘आ’ पूर्ण वाजतात, मधल्यावर फक्त जोर येतो. इंग्रजीत चॉकलेटची दोन अक्षरं उरतात; स्पॅनिश ‘चोकोलाते’ चारही अक्षरं जपतं.

१९९९ साली फ्रँक रामुस, मरीना नेस्पोर आणि मेलर यांनी हे आकड्यांत बसवलं. आठ भाषांतल्या वाक्यांत किती वेळ स्वरांनी व्यापलेला असतो, हे त्यांनी मोजलं. इंग्रजीत सुमारे ४० टक्के, स्पॅनिशमध्ये ४४, जपानीत ५३. इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये चारच टक्क्यांचा फरक, असं वाटेल. पण त्यांनी दुसरंही माप घेतलं होतं, व्यंजनांच्या गुच्छांची लांबी किती वरखाली होते याचं. ते इंग्रजीत जास्त भरलं, स्पॅनिशमध्ये कमी. ही दोन मापं एका आलेखावर मांडली की बाळांनी ओळखलेले गट डोळ्यांना दिसतात.

त्यात स्पॅनिशची आणखी एक सवय. शब्द व्यंजनाने संपला आणि पुढचा स्वराने सुरू झाला, तर व्यंजन पुढच्या शब्दाला जोडलं जातं. ‘लोस आमिगोस’ हे ‘लो-सा-मि-गोस’ होतं. दोन स्वर शेजारी आले तर ते बहुधा एकाच अक्षरात विरघळतात. परिणामी ‘व्यंजन-स्वर, व्यंजन-स्वर’ अशी साखळी अखंड चालू राहते. गायकाच्या दृष्टीने ही चैनच. सूर व्यंजनावर धरता येत नाही, स्वरावरच धरता येतो.

आता ही साखळी तालावर ठेवून पाहा. आठ मात्रा मोजा आणि पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेला टाळी द्या: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. हा ३-३-२ चा साचा क्यूबाच्या संगीतातून लॅटिन अमेरिकाभर दिसतो. केहरव्याच्याही मात्रा आठच, पण विभाग चार-चारचे. बॅड बनी गातो त्या रेगेतोन या नाचाच्या संगीतप्रकाराच्या ठेक्यात दोन्ही एकाच वेळी वाजतात. खालचा जड ठोका पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर, म्हणजे चार-चारचा. वरचा कडक ठोका चौथ्या आणि सातव्या मात्रेवर, म्हणजे ३-३-२ मधला. जमैकातून पनामा आणि न्यूयॉर्कमार्गे हा ठेका पोर्तो रिकोत रुजला. ठोका अपेक्षित जागी येत नाही, पण आपली जागा सोडून भरकटतही नाही. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ड्रमचे ५० ठेके लोकांना ऐकवले, तेव्हा अशा मध्यम गुंतागुंतीच्या ठेक्यांवर नाचावंसं सगळ्यात जास्त वाटलं. अगदी सरळ ठेके मागे पडले, अगदी अवघडही मागे पडले.

इंग्रजी गीतकाराला आघाताचं अक्षर ठोक्यावर बसवावं लागतं, नाहीतर कानाला लगेच खटकतं. स्पॅनिशमध्ये आघात अर्थ बदलू शकतो, तरी गाताना तो ठोक्यापासून सरकला तर बऱ्यापैकी चालून जातं, कारण बिनआघाताचं अक्षरही धडधाकट असतं. त्यामुळे आठही मात्रांवर एकेक अक्षर ठेवता येतं आणि मधलं एकही गिळलं जात नाही. न कळणाऱ्या कानाला हा शब्दांचा प्रवाह तालवाद्यासारखा ऐकू येतो तो यामुळेच.

मराठी कानाला हे परकं वाटू नये याचं कारण आपल्याच छंदांत आहे. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’: सहा, सहा, सहा, चार. अभंगात ऱ्हस्व-दीर्घ पाहत नाहीत, अक्षरं मोजतात. बोलताना आपण ‘ध्यान’मधला शेवटचा ‘अ’ गिळतो, छंद मोजताना मात्र ‘न’चं अक्षर पूर्ण धरतो. स्पॅनिश लोककाव्यही अक्षरंच मोजतं. आठ अक्षरांची ओळ हा तिथला सगळ्यात रुळलेला साचा. मेक्सिकोतल्या वेराक्रुसच्या ‘ला बाम्बा’ या लोकगीतात सात आणि पाच अक्षरांच्या ओळी आलटून पालटून येतात. शिवाय स्पॅनिश प, त, क हे आपल्यासारखेच कोरडे, इंग्रजीसारखी हवा न सोडणारे. त आणि द दंत्य. देवनागरीत स्पॅनिश इंग्रजीपेक्षा किती सहज उतरते ते करून पाहा.

स्वरांबद्दलही सांगायलाच हवं. स्पॅनिशचे स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. स्वरतंतूंचा आवाज तोंडाच्या पोकळीतून जाताना काही वारंवारता अनुनादाने ठळक होतात, आणि पहिल्या दोन ठळक पट्ट्यांवरून स्वर ओळखू येतो. पुरुषाच्या ‘इ’मध्ये त्या सुमारे ३०० आणि २२०० हर्ट्झच्या आसपास असतात, ‘आ’मध्ये ७०० आणि १३०० च्या आसपास. पाचच स्वर असल्याने ते एकमेकांपासून लांब राहू शकतात, आणि गिटारच्या कल्लोळातही एकाचा दुसरा होत नाही. इंग्रजीत ‘ओ’ धरला तर तो शेवटी ‘उ’कडे घसरतो, स्पॅनिश ‘ओ’ जागचा हलत नाही.

हा गुण सगळ्या लॅटिनकन्यांचा नाही. गोव्यात साडेचारशे वर्षं राज्यभाषा असलेली पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, पण पोर्तुगालमधल्या उच्चारात ती बिनआघाताचे स्वर इतके दाबते की कानाला निराळ्याच घरातली वाटते.

स्पॅनिश लोक भरभर बोलतात हा समज मात्र खरा आहे. फ्रँस्वा पेलेग्रिनो यांच्या गटाने २०११ साली मोजलं: सेकंदाला स्पॅनिशची ७.८ अक्षरं, इंग्रजीची ६.२. प्रत्येक स्पॅनिश अक्षर कमी माहिती वाहतं, म्हणून ती जास्त लागतात. याच संशोधकांच्या १७ भाषांवरच्या २०१९ सालच्या अभ्यासात माहितीचा वेग सगळीकडे सेकंदाला ३९ बिटच्या (बिट म्हणजे माहिती मोजायचं एकक) आसपास आला. गाण्याला याचा फायदाच होतो, कारण तालावर टाकायला हलकी अक्षरं भरपूर मिळतात.

गंमत म्हणजे गाणाऱ्यांनाही भाषा यायलाच हवी असं नाही. ‘ला बाम्बा’ला १९५८ साली रॉक अँड रोलमध्ये आणणारा रिची वॅलेन्स कॅलिफोर्नियात इंग्रजी बोलत वाढला होता. त्याच वर्षी अमेरिकन गायक नॅट किंग कोलने स्पॅनिश गाण्यांची आख्खी तबकडी काढली, शब्द नुसते ध्वनी म्हणून पाठ करून. टेक्ससची गायिका सेलेना हिचीही सुरुवात तशीच झाली. आणि २००२ सालच्या ‘आसेरेखे’ या गाण्याचं ध्रुवपद पूर्ण निरर्थक आहे. इंग्रजी न येणाऱ्याच्या कानाला एक जुनं अमेरिकन रॅप गाणं जसं ऐकू येईल, तशी ती अक्षरं रचली आहेत. जगभर लोक त्यावर नाचले.

मात्र ‘संगीत ही विश्वभाषा’ या वाक्यावर विसंबू नका. सॅम्युअल मेर यांच्या गटाने ८६ समाजांतली गाणी ६० देशांतल्या ७५० जणांना ऐकवली आणि विचारलं, हे गाणं कशासाठी आहे? नाचाची गाणी आणि अंगाईगीतं लोकांनी ओळखली. प्रेमगीतं मात्र खात्रीने ओळखता आली नाहीत. ‘देस्पासितो’चा अर्थ तक्रारींनंतर लक्षात आला, तेव्हा जुलै २०१७ मध्ये मलेशियाच्या सरकारी प्रसारण संस्थेने ते वाजवणं बंद केलं, तोपर्यंत ते तिथे सुखाने वाजत होतं. अर्थ सुरांतून आपोआप झिरपत नाही.

म्हणूनच ‘रात्रभर स्पॅनिश गाणी लावून झोपा आणि भाषा शिका’ असं सांगणाऱ्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नये. झोपेत कानावर पडून भाषा बोलता येत नाही. ‘डाव्या मेंदूत भाषा, उजव्यात संगीत’ ही विभागणीही इतकी सोपी नाही, आणि तिच्या नावावर विकले जाणारे वर्ग तर मुळीच घेऊ नयेत. जागेपणी गुणगुणण्याचा फायदा मात्र तपासला गेला आहे. कॅरेन लुडके आणि सहकाऱ्यांच्या २०१४ सालच्या प्रयोगात ६० जणांना १५ मिनिटं हंगेरियन वाक्प्रयोग ऐकून उच्चारायला दिले. गाऊन उच्चारणाऱ्यांनी नुसतं बोलून किंवा तालात म्हणून उच्चारणाऱ्यांपेक्षा काही चाचण्यांत सरस कामगिरी केली.

कान तयार करायचा असेल तर तीन ठिकाणची गाणी पाठोपाठ लावा. मेक्सिको सिटीच्या काइफानेस या रॉक गटाच्या गाण्यात शब्दांच्या शेवटचे ‘स’ स्पष्ट ऐकू येतील, कारण तिथली बोली व्यंजनं जपते. मग ब्वेनोस आयरेसचा सोदा स्तेरेओ ऐका. हा गट १९८२ सालचा, माल्विनासच्या (म्हणजे फॉकलंड बेटांच्या) युद्धामुळे अर्जेंटिनाच्या रेडिओवरून इंग्रजी गाणी बाजूला पडली आणि देशी रॉकला जागा मिळाली त्याच वर्षीचा. तिथे बोलीच्या चढउतारांत इटालियन स्थलांतरितांची छाप आहे. शेवटी पोर्तो रिकोचा बॅड बनी. कॅरिबियन बोलीत अक्षराच्या शेवटचा ‘स’ विरतो, ‘पारा’चा ‘पा’ होतो, शेवटच्या ‘आदो’चा ‘आव’. बंद अक्षरं उघडी होतात, साखळी आणखी मोकळी होते, आणि चौथ्या-सातव्या मात्रेवरचा तो कडक ठोका अक्षरांच्या मधून स्वच्छ ऐकू येतो.