पाण्याबाहेर काढलेलं विमान जास्त वेगानं का सडतं?

समुद्रतळाच्या वाळूत रुतलेलं दुसऱ्या महायुद्धातलं विमान, पंखांवरची खूण अजून ओळखू येण्याजोगी, असा एखादा फोटो अधूनमधून फिरत येतो. त्यासोबत एक वाक्य हमखास असतं: ॲल्युमिनियमला गंज लागत नाही, मग उचला, धुवा, रंगवा आणि संग्रहालयात ठेवा! हे वाचलं की मला गप्प बसवत नाही. असं विमान कसलीही तयारी न करता वर काढणं म्हणजे जवळजवळ ते मोडीत काढणंच आहे. पाण्याखाली सत्तर वर्षं तग धरलेला पत्रा हवेत आल्यावर काही महिन्यांत पांढऱ्या भुकटीत जाऊ शकतो.

गंज लागत नाही ही समजूत शाळेतल्या पुस्तकातून आलेली आहे आणि शुद्ध ॲल्युमिनियमपुरती ती बरीचशी खरीही आहे. ताजा कापलेला पृष्ठभाग हवेत आला की त्यावर लगेच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. तो जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा, पण इतका घट्ट की खालच्या धातूला पुढे ऑक्सिजन मिळतच नाही. पण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं, त्याचं लढाऊ विमान होत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञानं त्यात सुमारे 4 टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम मिसळलं. हे मिश्रण तापवून झटकन थंड केलं तर सुरुवातीला मऊ राहतं, आणि नुसतं ठेवून दिलं तरी पुढच्या काही दिवसांत आपोआप कठीण होत जातं. जागच्या जागी अडकलेले तांब्याचे अणू हळूहळू सरकून अतिसूक्ष्म पुंजके करतात आणि त्या पुंजक्यांमुळे धातूचे थर एकमेकांवरून घसरू शकत नाहीत. हेच ड्युरॅल्युमिन. त्या काळातली बहुतेक धातूची विमानं याच्या किंवा याच्या भाईबंदांच्या पत्र्यानं मढवलेली आहेत.

ताकद तांब्यामुळे आली, आणि दुखणंही तांब्यामुळेच आलं. तांब्याचे कण जिथे असतात तिथे ऑक्साइडचा पापुद्रा कच्चा राहतो. शिवाय खाऱ्या पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की त्यांचा छोटा विद्युतघट तयार होतो. त्यात झिजायची पाळी ॲल्युमिनियमची. 1920च्या दशकाच्या अखेरीपासून पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवायची युक्ती निघाली. तो थर आधी झिजतो आणि आतल्या पत्र्याला वाचवतो. विमानाच्या कामाच्या आयुष्यापुरतं हे ठीक होतं. समुद्रातल्या सत्तर वर्षांचा हिशोब कोणी केलाच नव्हता.

आता खरी गंमत पाहा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड असतं. हे क्लोराइड आयन पापुद्र्याच्या कच्च्या जागी घुसतात आणि तिथे सुईच्या टोकाएवढा खड्डा पडतो. खड्ड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमचा अणू तीन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन धातूतून वाहत वरच्या तांब्याच्या कणापर्यंत जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन त्यांना उचलतो. इकडे खड्ड्यात ॲल्युमिनियमच्या आयनांचा धनभार साचतो. तो सांभाळायला बाहेरून ऋणभारित क्लोराइड आणखी आत ओढले जातात. त्याच वेळी ॲल्युमिनियमचे आयन पाण्याच्या रेणूंना फोडून हायड्रोजन आयन मोकळे करतात, म्हणजे खड्डा आम्लधर्मी होतो. बाहेरच्या समुद्राचा सामू 8 च्या आसपास, तर खड्ड्यातला 3 ते 4 पर्यंत उतरतो. आम्लात नवा पापुद्रा धरत नाही, त्यामुळे आणखी धातू विरघळतो, आणखी क्लोराइड येतं, आणखी आम्ल तयार होतं. पुढे खड्ड्याच्या तोंडावर हायड्रॉक्साइडचं पांढरं बूच बसतं, आणि आतलं जहाल पाणी बाहेरच्या पाण्यात मिसळून सौम्य होण्याची वाटही बंद होते. एकदा सुरू झालेला खड्डा स्वतःच स्वतःला पोसतो!

तिथून ही झीज धातूच्या कणांच्या सीमांवरून आडवी पसरते. पत्रा लाटून केलेला असल्यामुळे आतले कण चपटे, एकावर एक पसरलेले असतात. त्यांच्या फटींत तयार होणाऱ्या हायड्रॉक्साइडला मूळ धातूच्या सुमारे तिप्पट जागा लागते. मग जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा ओल लागलेल्या जुन्या वहीसारखा फुगतो आणि त्याची पानं सुटू लागतात.

तरीही पाण्याखाली हे सगळं संथपणे चालतं, कारण वरच्या टोकाला इलेक्ट्रॉन उचलायला पुरेसा ऑक्सिजन नसतो. वाळूत गाडलेल्या भागात तर तो जवळपास संपलेलाच असतो. विमान वर काढलं की ही अडचणच दूर होते. पत्र्यावर पाण्याची पातळ ओल राहते, हवेतला ऑक्सिजन तिच्यातून सहज आत शिरतो, आणि पाणी उडून जाताना खड्ड्यातलं क्लोराइड आणखी तीव्र होतं. पूर्ण वाळवलं की सुटलो, असंही नाही. ॲल्युमिनियमचं क्लोराइड हवेतली वाफ शोषून पुन्हा ओलं होतं. बाहेरून कोरडं दिसणारं विमान आत खड्ड्याखड्ड्यात ओलंच असतं.

म्हणून क्लोराइड बाहेर काढण्याला पर्याय नाही. समुद्रातून आलेल्या लोखंडी तोफांसाठी यावर जुना उपाय आहे: सोड्याच्या अल्कधर्मी द्रावणात महिनोन्महिने, कधी कधी वर्षानुवर्षं बुडवून ठेवणं. अल्कात लोखंड सुरक्षित राहतं. ॲल्युमिनियम मात्र तीव्र आम्लात विरघळतं तसं तीव्र अल्कातही विरघळतं. त्याचा पापुद्रा टिकतो तो साधारण 4 ते 8.5 या सामूच्या पट्ट्यातच. उपचार करायचा तो या अरुंद पट्ट्यात राहून.

जून 2013 मध्ये इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळच्या गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यातून डॉर्निये डीओ 17 हे जर्मन बॉम्बफेकी विमान वर काढलं, तेव्हा नेमका हाच प्रश्न पुढे होता. ते ऑगस्ट 1940 मध्ये, ब्रिटनच्या लढाईत पाडलं गेलेलं. या जातीची दोन हजारांहून अधिक विमानं बनली, पण बऱ्यापैकी अखंड म्हणावं असं हेच एक उरलंय. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी त्यासाठी सायट्रिक आम्लाचा, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा मार्ग सुचवला. पाण्यात हे आम्ल आणि त्याचा सामू साधारण 5.5 वर आणण्यापुरता कॉस्टिक सोडा. कॉसफर्डच्या संग्रहालयात विमानाचे तुकडे हरितगृहासारख्या प्लास्टिकच्या बोगद्यांत ठेवून त्यांच्यावर या द्रावणाचा फवारा सुरू ठेवला. मला या निवडीचं फार कौतुक वाटतं, कारण एकाच रसायनाकडून तीन कामं होतात. चुनखडीची समुद्री पुटं सुटतात. सायट्रेट ॲल्युमिनियमच्या आयनांना धरून ठेवतं, त्यामुळे खड्ड्यांच्या तोंडावरची बुचं विरघळतात आणि कोंडलेलं क्लोराइड बाहेर पाझरतं. आणि सामू पट्ट्याबाहेर जात नाही, म्हणून निरोगी धातूला इजा होत नाही. पण वेळ लागतोच. क्लोराइड फटींतून विसरणानं बाहेर येतं, आणि विसरणाला घाई करता येत नाही.

या विमानाला पुन्हा नवं रूप द्यायचं नाही, जसं सापडलं तसंच ते टिकवायचं, असं संग्रहालयानं ठरवलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. 'ग्लेशियर गर्ल' या अमेरिकी पी-38 चं उदाहरण याच्या उलट आहे. जुलै 1942 मध्ये ते ग्रीनलंडच्या बर्फावर उतरलं, 1992 मध्ये सुमारे 80 मीटर बर्फाखालून तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं आणि 2002 मध्ये चक्क उडालं! बर्फात क्लोराइड नव्हतं, गंज फारसा नव्हता. पण वरच्या भारानं विमान चेपलं होतं, म्हणून कितीतरी भाग नव्यानं करावे लागले. उडणारं विमान बघायला कोणाला आवडणार नाही? पण बदललेल्या प्रत्येक पत्र्याबरोबर मूळ रिव्हेट, मूळ रंग आणि कारखान्यातल्या माणसानं खडूनं केलेली खूणही जाते.

या क्षेत्रात अफवांनाही तोटा नाही. 1945 च्या सुमारास म्यानमारमध्ये खोक्यांत भरून पुरलेली कोरी स्पिटफायर विमानं सापडणार, अशी बातमी 2012 मध्ये जगभर गाजली. जानेवारी 2013 मध्ये यांगूनच्या विमानतळाजवळ खोदलं, एकही विमान निघालं नाही. खोकी असती तरी तिथल्या पावसात भिजणाऱ्या मातीत पत्र्याचं काय झालं असतं, हा साधा प्रश्न बातम्या देणाऱ्यांना पडायला हवा होता. बर्म्युडा त्रिकोणाची कथाही याच पठडीतली. 1991 मध्ये फ्लोरिडाजवळ समुद्रतळाशी पाच ॲव्हेंजर विमानं सापडली, आणि 1945 मध्ये हरवलेली 'फ्लाइट 19' ती हीच, असा गाजावाजा झाला. क्रमांक तपासले तर ती निरनिराळ्या अपघातांत बुडालेली वेगळीच विमानं निघाली. त्या किनाऱ्यावर नौदलाचं वैमानिक-प्रशिक्षण इतकं मोठं होतं की पाच विमानं जवळजवळ सापडायला कुठल्या गूढ शक्तीची गरज नव्हती.

गोड्या, थंड पाण्यातली विमानं मात्र खरोखर सुस्थितीत सापडतात. मिशिगन सरोवरात महायुद्धकाळी दोन जहाजांवर वैमानिकांना उतरण्याचा सराव दिला जाई, आणि त्यात शंभराहून अधिक विमानं बुडाली. त्यातलंच एक डाँटलेस विमान 1994 मध्ये वर काढलं. त्यानं 1942 च्या मिडवेच्या लढाईत भाग घेतला होता आणि तिथल्या गोळ्यांच्या भोकांवर मारलेली ठिगळं पत्र्यावर शाबूत होती. आज ते पेन्साकोलाच्या नौदल संग्रहालयात आहे.

अशी उदाहरणं असली तरी घाई करू नये, शक्य तिथे विमान आहे त्या जागीच राहू द्यावं, असं अनेक संवर्धकांचं मत आहे. ब्रिटनमध्ये 1986 च्या कायद्यानं पडलेल्या लष्करी विमानाला परवान्याशिवाय हात लावता येत नाही. अनेक ठिकाणी वैमानिकांचे अवशेष अजून आत आहेत, तेव्हा हे हवंच. पण मिशिगन सरोवरात गेल्या काही दशकांत बाहेरून आलेल्या क्वागा शिंपल्यांनी तळावरच्या वस्तूंवर जाड थर धरला आहे. त्या थराखाली पाणी खेळत नाही. ऑक्सिजन कमी पडतो, आम्लता वाढू शकते, म्हणजे खड्ड्यातलीच परिस्थिती आता पत्र्याच्या मोठ्या भागावर तयार होऊ शकते. तिथे 'राहू द्या' म्हणणंही सुरक्षित उरलेलं नाही. कोणतं विमान आधी काढायचं, आणि त्याच्यासाठी पुढची कित्येक वर्षं टाकी, द्रावण आणि माणसं कोण पुरवणार, हे तिथे आताच ठरवावं लागणार आहे.