कंपनीचे दप्तर आणि ई-मेल जतन

कंपनीच्या कारभारात तयार होणारे हिशेब, कागदपत्रे, पत्रव्यवहार आणि ई-मेल किती वर्षे, कोणाच्या ताब्यात व कोणत्या रूपात ठेवायचे हे आधी ठरवून त्याप्रमाणे वागण्याची पद्धत. वाद, कर तपासणी किंवा खटला उभा राहिला तर पुरावा मूळ रूपात हाती लागावा, हा तिचा हेतू. दप्तर जपणे कोल्हापूरला नवे नाही. संस्थानकाळातील मोडी कागद इथल्या पुराभिलेखागारात आजही पाहायला मिळतात. नवी आहे ती ई-मेलची भर.

कागदांच्या मुदती कायद्याने बांधून दिल्या आहेत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके व्हाउचरसह किमान ८ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. सभांची इतिवृत्ते आणि सभासदांची नोंदवही कायमची. वस्तू व सेवा कराच्या नोंदींसाठी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. त्यावर अपील चालू असेल तर निकालानंतर आणखी किमान एक वर्ष. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींतले बरेच कारखाने भागीदारीत चालतात. त्यांना कंपनी कायदा लागू नाही, पण कराचे आणि पुराव्याचे कायदे लागू आहेतच.

ई-मेलची गोष्ट वेगळी. किती वर्षे ठेवायचा असा स्वतंत्र आकडा त्याला नाही. त्यातल्या मजकुराची जी मुदत, तीच ई-मेलची. मात्र कसा ठेवायचा हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७ मध्ये सांगितले आहे: नोंद पुन्हा वाचता यावी, मूळ किंवा तितक्याच अचूक स्वरूपात असावी आणि ती कोठून निघाली, कोणाला गेली, कधी पोहोचली हा तपशील तिच्यासोबत राहावा. ई-मेलचा प्रिंट काढून फाइलला लावला की काम झाले, हा समज म्हणूनच घातक आहे. प्रिंटमध्ये मजकूर उरतो, मेलचा मागोवा उरत नाही.

हा तपशील कसा निर्णायक ठरतो ते फौंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या, धंद्यात स्वच्छ दिसते. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे माल मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असे धरले जाते. पैसे देण्याची मुदत लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज चढते. महिनाभराने कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) ब्लोहोल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, निघाल्याचे सांगून खरेदीदाराने डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी, पाठवली, तर सगळा वाद एका प्रश्नावर येतो: रिजेक्शनचा पहिला मेल कोणत्या तारखेचा? तो मेल डिस्पॅच पाहणाऱ्या माणसाच्या खासगी खात्यावर आला असेल आणि तो माणूस नोकरी सोडून गेला असेल, तर बाजू खरी असूनही कारखानदाराचे हात रिकामे. कंपनीच्या नावाचे मेल खाते आणि नोकरी सोडताना त्याचा रीतसर ताबा, या दोन गोष्टी कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरच्या आधी हव्यात.

न्यायालयात ई-मेल मांडताना तो कोणत्या उपकरणातून आणि कसा काढला हे सांगणारे प्रमाणपत्र लागते. मूळ उपकरणच हजर करता येत नसेल तर ते अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेली अंक-अक्षरांची खूण, लिहायचे. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी हे मूल्य बदलते.

मुदत संपलेले दप्तर नष्ट करणे हाही या पद्धतीचाच भाग आहे, पण वादाची चाहूल लागताच, म्हणजे वकिलाची नोटीस येण्याचीही वाट न पाहता, त्या विषयापुरते सगळे खोडणे थांबवावे लागते. आपोआप पुसणारी सेटिंग बंद करणे त्यात आलेच. हाती असलेला पुरावा पुढे केला नाही तर तो आपल्याच विरुद्ध होता असा तर्क न्यायालय काढू शकते. पुरावा पुढे येऊ नये म्हणून मुद्दाम नष्ट करणे हा तर गुन्हा आहे.

कोल्हापुरात आणखी एक धोका पाण्याचा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी मागे टाकली आणि शाहूपुरीसारख्या व्यापारी पेठेतही पाणी शिरले. तळमजल्यावरचे कपाट आणि त्याच खोलीतला बॅकअपचा संगणक एकाच पाण्यात जातात. इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज घेणे कंपन्यांना नियमानेच बंधनकारक आहे. हा सर्व्हर पूररेषेबाहेर, शक्यतो दुसऱ्या शहरात असावा. ई-मेलचा बॅकअपही त्याच्याच सोबत जावा, आणि वर्षातून एकदा पावसाळ्याआधी त्यातला एखादा जुना मेल प्रत्यक्ष उघडून पाहावा.