सफोकची लोकर-गावे

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्फक आणि एसेक्स यांच्यामध्ये सफोक ही काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग, आहे. तिच्या दक्षिण भागात मध्ययुगाच्या अखेरीस लोकरी कापडाच्या धंद्यावर श्रीमंत झालेली काही लहान गावे आहेत. त्यांना लोकर-गावे म्हणतात. लॅव्हनम, लाँग मेलफर्ड, सडबरी, हॅडली आणि कर्झी ही त्यांतली ठळक नावे. लॅव्हनमची लोकसंख्या आज सुमारे १,७००, पण कायद्याने संरक्षित अशा तिथल्या इमारती तीनशेच्या वर आहेत. एवढ्या इमारती एकाच गावात टिकल्या याचे श्रेय फार काळ कोणाच्या वारसाप्रेमाला नव्हते. धंदा बसला, गाव गरीब झाले आणि जुने घर पाडून नवे बांधायला कोणाकडे पैसा उरला नाही, हे त्याचे खरे कारण.

पंधराव्या शतकात चित्र वेगळे होते. कापडाचे व्यापारी लोकर विकत घेत आणि आसपासच्या खेड्यांत पिंजायला, कातायला, विणायला वाटून देत. बायका घरी सूत काढत, पुरुष मागावर बसत, मग कापड पाण्यात तुडवून घट्ट केले जाई. लॅव्हनमची निळी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, विशेष नावाजलेली होती. ‘वोड’ या झाडाच्या पाल्यापासून काढलेल्या रंगात आधी लोकरच बुडवत. नफा बहुतेक मोजक्या व्यापारी घराण्यांच्या हाती राही. त्यांपैकी टॉमस स्प्रिंग (मृत्यू १५२३) हा त्याच्या काळातल्या इंग्लंडमधल्या सर्वांत धनवान व्यापाऱ्यांत मोडत होता. १५२४ च्या कर-आकारणीत हे एवढेसे गाव देशातल्या पहिल्या वीस श्रीमंत गावांत होते.

हा पैसा घरांत दिसतो. सांगाडा ओकच्या लाकडाचा, आणि लाकूड ओले असतानाच तासलेले. सुतार जमिनीवर सगळी चौकट जुळवून पाहत, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना रोमन आकड्यांच्या खुणा कोरत, मग ती सोडून जागेवर उभी करत. सांधे लोखंडी खिळ्यांनी नव्हे, लाकडी खुंट्यांनी पक्के केलेले. जुन्या घराच्या खांबावर नीट पाहिले तर त्या खुणा आजही बोटाला लागतात. दोन खांबांमधली जागा काटक्यांच्या जाळीवर माती, गवताचे तुकडे आणि शेण यांचा गिलावा देऊन भरत; कोकणातल्या कुडाच्या भिंतीशी तिचे जवळचे नाते आहे. वरचा मजला रस्त्यावर पुढे काढलेला असे. एकमेकांना खेटून उभे खांब ही निव्वळ मिरवण्याची गोष्ट होती, कारण घर पेलायला त्यातले निम्मेही पुरले असते. वाळताना ओक पिळवटतो, म्हणून लॅव्हनमच्या कितीतरी भिंती आज डोळ्यांना उघड तिरक्या दिसतात.

जुन्या घरांच्या मधल्या दालनावर मजला नसे, ते थेट छपरापर्यंत उघडे असे. जमिनीवर चूल पेटे आणि धूर थेट कौलांतून किंवा शाकारणीतून बाहेर जाई. सोळाव्या शतकात विटांच्या चिमण्या आल्या आणि या दालनांवर मजले चढले. काही घरांच्या माळ्यावरचे वासे मात्र त्या धुराने अजून काळे आहेत. चुलीजवळच्या तुळईवर कोरलेली सहा पाकळ्यांची वर्तुळे आणि चिमणीत दडवलेले जुने बूट दुरुस्तीच्या वेळी सापडतात. अनिष्टाला घरात शिरू न देण्यासाठी ते केलेले असावेत. माझ्या मते या इमारतींमधली माणसे सर्वांत जवळ येतात ती इथे.

चर्च हे गावाच्या ऐपतीचे जाहीर माप होते. लॅव्हनमच्या चर्चचा मनोरा ४३ मीटर उंच आहे. तो स्प्रिंग घराणे आणि ऑक्सफर्डचे अर्ल हे उमराव घराणे या दोघांच्या पैशातून उभा राहिला आणि दोघांचीही चिन्हे त्यावर कोरलेली आहेत. लाँग मेलफर्डच्या चर्चवर गारगोटी फोडून बसवलेल्या नक्षीत देणगीदारांची नावे बाहेरच्या भिंतीभोवती लिहिली आहेत, त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी या विनंतीसह.

विणकरांची बाजू दगडात कोरलेली नाही. १५२५ साली आठव्या हेन्रीच्या फ्रान्सवरील स्वारीसाठी जादा वसुली आली. कर भरला तर मजुरी द्यायला पैसा उरणार नाही, असे व्यापाऱ्यांनी सांगितले आणि लॅव्हनम परिसरात हजारो कामगार जमले. तुमचा सरदार कोण, असे राजाच्या बाजूच्या नॉर्फकच्या ड्यूकने विचारले तेव्हा जॉन ग्रीन नावाच्या माणसाने उत्तर दिले की आमचा सरदार दारिद्र्य आहे. त्या काळच्या एडवर्ड हॉल या इतिहासकाराच्या बखरीत हा प्रसंग नोंदवलेला आहे. राजाला ती वसुली सोडून द्यावी लागली.

पुढे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून आलेल्या निर्वासित विणकरांनी शेजारच्या एसेक्समधल्या कोलचेस्टरमध्ये हलके, स्वस्त कापड काढले आणि सफोकच्या जड बनातीची मागणी ओसरली. लॅव्हनमच्या चौकातल्या गिल्डहॉलची, म्हणजे संघाच्या सभागृहाची, पुढची कथा गावाचीच आहे. १५३० च्या सुमारास एका धार्मिक संघाने तो बांधला. १५४७ मध्ये असे संघ बरखास्त झाले. नंतर तिथे तुरुंग आणि निराधारांचे कामघर होते. १९५१ पासून तो जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. सडबरीत विणकाम वेगळ्या रूपात टिकले: अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचे रेशीम विणकर तिकडे वळले आणि तिथे आजही रेशीम विणले जाते.

ही गावे केवळ पाहण्यापुरती नाहीत, तिथे लोक राहतात. कर्झीत मुख्य रस्त्यावरूनच ओढा वाहतो आणि गाड्या त्यातून जातात. लॅव्हनमच्या मनोऱ्यात १६२५ साली माइल्स ग्रे याने ओतलेली मोठी घंटा आहे. तिच्या आवाजाची वाखाणणी दूरवर होते आणि दर जूनमध्ये तिचा वाढदिवस म्हणून घंटावादक जमतात. घरमालकाला मात्र खिडकी बदलायलाही परवानगी लागते. विसाव्या शतकात अनेकांनी भिंतींवर सिमेंट चढवले. त्यामुळे ओल आतच अडकली आणि पाचशे वर्षे टिकलेला ओक कुजू लागला. आता असे सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा देतात आणि त्यावर बहुधा या भागाचा ओळखीचा गुलाबी रंग लावतात. चुन्याचा हात काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, तो खर्च आणि ती मेहनत राहणाऱ्यांनीच करायची असते.